रंगीत छपाईसाठी लहान ऑफसेट यंत्र कसे निवडावे

लहान ऑफसेट यंत्र घ्यायचे ठरले की बहुतेक जण ताशी किती शीट निघतात आणि किंमत किती, हे दोनच प्रश्न विचारतात. लेटरहेड, बिलबुके आणि हँडबिले छापणाऱ्या छापखान्याला तेवढे पुरेसेही असते. मात्र आर्ट पेपरवर चार रंगांची पत्रिका, कॅटलॉग किंवा दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ छापायचे असेल तर वेगाला दुय्यम स्थान द्यावे, आणि प्रत्येक शीट त्याच जागी पुनःपुन्हा बसते का व शाई शीटभर सारखी लागते का, या दोन कसोट्यांवरच यंत्र पारखावे.

त्याआधी शीटचा आकार ठरवून घ्यावा. हायडेलबर्ग या जर्मन कंपनीच्या जीटीओ ५२ या यंत्रात कमाल ३६ × ५२ सेंटीमीटरची शीट जाते. २३ × ३६ इंची कागदाचे चार तुकडे केले तर ११.५ × १८ इंचांची शीट त्या यंत्रात आरामात बसते, पण २० × ३० चा अर्धा, म्हणजे १५ × २० इंचांचा क्राऊन कागद बसत नाही, कारण १५ इंच म्हणजे ३८.१ सेंटीमीटर होतात. जीटीओ ४६ चा कमाल आकार ३२ × ४६ सेंटीमीटर आहे. तिच्यावर ए-३ आकाराचे ब्लीडचे, म्हणजे कापणीच्या रेषेपलीकडेही छपाई न्यावी लागणारे, काम घेतले तर २९.७ सेंटीमीटरमध्ये दोन्ही बाजूंचे तीन-तीन मिलिमीटर ब्लीड आणि ग्रिपरसाठी (शीटची पुढची कड धरणाऱ्या चिमट्यांसाठी) साधारण एक सेंटीमीटर मिळवल्यावर शेपटीकडे, म्हणजे शीटच्या मागच्या कडेला, कलर बारला (रंग तपासण्याच्या पट्टीला) जेमतेम सात मिलिमीटर उरतात. आपल्याकडे नेहमी येणाऱ्या पाच-सहा जॉबांचा असा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कोणतेही यंत्र बघायला जाऊ नये.

यानंतरचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा रजिस्टरचा, म्हणजे रंग एकमेकांवर अचूक बसण्याचा. छायाचित्र ठिपक्यांत फोडणाऱ्या, इंचाला १५० लाइनच्या स्क्रीनमध्ये ठिपक्यांच्या दोन ओळींमधले अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर असते. त्याच्या निम्म्याइतका, म्हणजे ०.०८ मिलिमीटरचा सरकाव झाला तरी चेहऱ्याच्या छायाचित्रातील बारकावे बोथट होतात आणि गडद पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांना रंगीत कड दिसू लागते. म्हणून प्लेट, ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर नेणारे रबर) आणि इम्प्रेशन (कागद दाबणारा) असे तीन स्वतंत्र सिलिंडर, शीट समोरून आणि बाजूने जागेवर बसवणाऱ्या फ्रंट ले आणि साईड लेची भक्कम रचना, थांबलेली शीट उचलून वेगाने सिलिंडरच्या ग्रिपरकडे सोपवणारा स्विंग ग्रिपर आणि छापलेली शीट साखळीवरच्या ग्रिपरने बाहेर नेणारी चेन डिलिव्हरी या गोष्टी असलेलेच यंत्र फोर कलरसाठी विचारात घ्यावे. डुप्लिकेटरच्या घराण्यातील काही मिनी ऑफसेट यंत्रे एकरंगी कामात अत्यंत उपयुक्त असली, तरी त्यांच्याकडून या दर्जाच्या रजिस्टरची अपेक्षा करणे हा यंत्रावरच अन्याय आहे. प्लेटसुद्धा धातूचीच हवी. कागदी किंवा पॉलिएस्टर प्लेट ताणली जाते.

शाईच्या बाबतीत प्लेटला टेकणारे फॉर्म रोलर मोजावेत. जीटीओमध्ये ते चार असतात, तर साध्या मिनी ऑफसेटमध्ये पुष्कळदा दोनच. रोलर कमी असले की मोठ्या सॉलिडच्या (शाईने पूर्ण भरलेल्या भागाच्या) मागोमाग येणाऱ्या भागात आधीच्या आकृतीची फिकट सावली उमटते, आणि ती शाई कमी-जास्त करून जात नाही. पाण्याची व्यवस्था शाईच्या रोलरांपासून वेगळी असलेली बरी. अल्कोहोल डॅम्पनिंग (प्लेट ओली करण्याच्या पाण्यात अल्कोहोल मिसळण्याची पद्धत) असेल तर पाण्याचा थर पातळ राहतो आणि सॉलिड तजेलदार येतो, मात्र फाउंटनचे, म्हणजे त्या टाकीतले, पाणी थंड ठेवणे आणि त्याचा पीएच (आम्लता) साधारण पाचच्या आसपास राखणे हे रोजचे काम होऊन बसते.

सिंगल कलर, टू कलर की फोर कलर, हा प्रश्न बहुतेक वेळा खिसाच सोडवतो. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सिंगल कलर यंत्रावर एकच शीट चार वेळा जाते, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात कागद हवेतील ओल शोषून फुगतो. मुंबईत किंवा कोकणपट्टीत जुलै महिन्यात सकाळी छापलेल्या सायनवर (निळसर रंगावर) दुसऱ्या दिवशी मॅजेंटा (किरमिजी रंग) बसवायला गेल्यास ग्रिपरची बाजू जुळते आणि शेपटीचे कोपरे फाकतात. यात यंत्राचा दोष नसतो. खोलीतील आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवण्याची सोय नसेल, तर चांगल्या स्थितीतील टू कलर यंत्राला प्राधान्य द्यावे, म्हणजे मॅजेंटा आणि पिवळा एकाच फेरीत उतरवून त्वचेचा रंग तिथल्या तिथे पाहता येतो. ढिल्या फोर कलरपेक्षा घट्ट टू कलर केव्हाही परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान छापखान्यांपैकी पुष्कळ जण वापरलेले यंत्रच घेतात. १९७२ साली बाजारात आलेल्या जीटीओचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे ती तर आता जुनीच मिळते. नवा रंग चढवलेल्या यंत्राच्या चकचकाटाकडे पाहू नये. आपली प्लेट आणि १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) आपला आर्ट पेपर सोबत न्यावा. प्लेटवर चार कोपऱ्यांत केसासारख्या बारीक रेषांची फुल्यांची खूण, मध्ये ५० टक्क्यांचा सपाट स्क्रीन आणि कडेला सॉलिडची आडवी पट्टी असावी. नेहमीच्या वेगाने २०० शीट छापून घ्याव्यात आणि कोणतीही सेटिंग न बदलता त्याच शीट पुन्हा त्याच प्लेटखालून काढाव्यात. मग दहापट भिंगातून फुल्या तपासाव्यात. सर्व शीटवर दुसरी रेष सारख्याच अंतराने सरकलेली असेल, तर ती सेटिंगची बाब आहे आणि ती सुधारते. पण एका शीटवर रेष डावीकडे, पुढच्या शीटवर उजवीकडे दिसत असेल, तर ग्रिपर, ले किंवा बेअरिंग झिजलेले आहेत, असे समजून किंमत निम्मी केली तरी सौदा सोडून द्यावा. पहिल्याच फेरीतील सपाट स्क्रीनमध्ये ठरावीक अंतरावर आडवे पट्टे दिसत असतील, तर संशय गिअरवर घ्यावा.

याखेरीज इम्प्रेशन सिलिंडरवर बोट फिरवून खड्डे शोधावेत, अर्थात यंत्र पूर्ण बंद असतानाच. फॉर्म रोलर क्षणभर प्लेटला टेकवून उमटणारी शाईची पट्टी दोन्ही टोकांना सारख्या रुंदीची आहे का, हेही पाहावे. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर रोलर नुसता बसवायचा आहे की त्याचे बेअरिंग गेले आहे, हे विक्रेत्याकडून तिथेच रोलर सेट करवून तपासावे.

शेवटी आपल्या मशीनमनला त्या बनावटीचे यंत्र चालवण्याची सवय आहे का आणि त्याचे रोलर, ब्लँकेट व ग्रिपर आपल्या शहरात किती दिवसांत मिळतात, याची चौकशी त्या बनावटीचे यंत्र चालवणाऱ्या एखाद्या मुद्रकाकडेच करावी. सौदा करताना रकमेचा एक हिस्सा मागे ठेवावा, आणि यंत्र आपल्या जागेत, आपल्या फरशीवर, लेव्हल करून बसवल्यानंतर फुल्यांची तीच चाचणी पुन्हा उतरली की मगच तो द्यावा, अशी अट लेखी घालून घ्यावी.