कॅनडात पहिली नोकरी: अर्ज कमी करा, माणसं गाठा

पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, घेऊन टोरांटोच्या परिसरात (ऑंटारिओ प्रांतात) आलेल्यांसाठी हे लिहितोय. दुसऱ्या प्रांतात तपशील बदलतील, मुख्य काम तेच.

१. सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयात जाऊन सिन नंबर (सोशल इन्शुरन्स नंबर) काढा. फुकट मिळतो आणि पगारासाठी लागतोच.

२. तुमचा पेशा परवान्याचा आहे का बघा. नर्स, शिक्षक, वकील यांना प्रांताच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. वाट लांबची आहे, आजच सुरू करा. इंजिनिअरांचा परवाना देणाऱ्या ऑंटारिओच्या पीईओने कॅनेडियन अनुभवाची अट मे २०२३ मध्ये काढली. पीआरच्या एक्स्प्रेस एंट्री अर्जासाठी डब्ल्यूईएस या संस्थेकडून केलेलं पदवीचं मूल्यांकन म्हणजे परवाना नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

३. रेझ्युमे दोन पानांचा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित की अविवाहित, सगळं उडवा. जुन्या कंपनीच्या नावाखाली ती काय बनवते आणि किती मोठी आहे याची एक ओळ टाका. पुण्यात ज्या नावाला मान मिळतो, ते इथल्या मॅनेजरने ऐकलेलंही नसतं.

४. आता खरं काम. "रोज पन्नास अर्ज टाक, एक तरी लागेल" हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि विसरा. १ जानेवारी २०२६ पासून ऑंटारिओत पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत कॅनेडियन अनुभवाची अट घालता येत नाही. अट जाहिरातीतून गेली, मॅनेजरच्या डोक्यातून नाही. तुमची दहा वर्षं कितपत वजनाची आहेत हे त्याला कागदावरून कळत नाही. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी "मी याच्याशी बोललोय, काम येतं याला" म्हणावं लागतं.

हा कुणीतरी मिळवायचा कसा? मला सगळ्यात जड गेलं ते इथेच. अनोळखी माणसाला गळ घालायची म्हणजे लाचारी वाटते. म्हणून गळ घालूच नका. नोकरी मागायची नाही, माहिती मागायची.

लिंक्डइनवर तुमचंच काम करणारा, तुमच्यापेक्षा एकदोन पायऱ्या वरचा माणूस शोधा. एचआर नको, डायरेक्टर नको. स्वतः बाहेरून येऊन इथे रुजलेला असेल तर उत्तम. इंग्रजीत एवढंच लिहा: "मी चाकणच्या वाहन-कारखान्यात पुरवठा नियोजन करत होतो, नुकताच मिसिसागाला आलोय. तुम्हीही भारतातून येऊन याच क्षेत्रात शिरलात असं दिसलं. इथे हे काम कसं चालतं ते समजून घ्यायला फोनवर पंधरा मिनिटं द्याल का?" रेझ्युमे जोडायचा नाही. सर-मॅडम नको, पहिल्या नावाने लिहा. आणि "कुठलीही नोकरी चालेल" हे वाक्य कधीही, कुणालाही लिहू नका. कुठलीही चालणाऱ्याला कुठे बसवायचं ते कुणालाच सुचत नाही.

बरेच जण उत्तर देणार नाहीत. मनाला लावून घ्यायचं नाही. जो फोनवर येईल त्याला विचारा: माझ्या कामाला इथे कोणत्या पदाने ओळखतात, कोणतं सॉफ्टवेअर लागतं, कोणतं सर्टिफिकेट खरंच पाहिलं जातं आणि कोणतं क्लासवाल्यांची पोटं भरायला आहे. पंधरा मिनिटं झाली की तुम्हीच आवरतं घ्या. शेवटचा प्रश्न मात्र चुकवू नका: "आणखी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?" या एका प्रश्नातून साखळी तयार होते. त्याच दिवशी आभार कळवा. काही आठवड्यांनी, त्यांनी सांगितलेलं काय केलंत तेही कळवा. जागा निघाली की लोकांना आठवतो तो हा दुसरा निरोप पाठवणारा.

मंडळाच्या गणपतीला जरूर जा, पण प्रसादाच्या रांगेत रेझ्युमे काढू नका. तिथे भाड्याचं घर, मुलांची शाळा, डबेवाल्या काकू मिळतात. तुमच्या क्षेत्रातला माणूस तिथे असेलच असं नाही. त्यासाठी ट्रीएक या संस्थेची मेंटॉरिंग योजना (तुमच्या क्षेत्रातला अनुभवी मार्गदर्शक जोडून देणारी) बघा, किंवा कॉस्टी, ॲक्सेस एम्प्लॉयमेंट या संस्थांकडे नाव नोंदवा. तिथल्या नवागतांच्या सेवा मोफत असतात.

५. दरम्यान गोदामात किंवा कॉफीच्या दुकानात काम घ्यायला लाजू नका. शिफ्ट संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची मागा. फोन आणि मुलाखती कामाच्या दिवसांत, दिवसाउजेडीच होतात.

६. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा, किंवा "हा चेक जमा करा, उरलेले परत पाठवा" म्हणणारा भेटला की फोन ठेवा.

७. ऑफरच्या आधी संदर्भ मागतात. भारतातल्या जुन्या साहेबांचा वैयक्तिक मोबाइल आणि ईमेल द्या. टोरांटोत सकाळचे दहा म्हणजे तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. परदेशी नंबर दिसला की साहेब फोन उचलत नाहीत, तेव्हा त्यांना आधीच कळवून ठेवा.