आयटीच्या पगारात चालणाऱ्या घरांनी घरकामाचा पगार कसा ठरवावा

एप्रिल-मेच्या सुमारास पुणे परिसरातील वाकड, बाणेर, हिंजवडी या भागांतील अनेक घरांत पगारवाढीचे पत्र येते. त्याच घरांत सकाळी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींच्या पगाराला मात्र वाढीची तारीखच नसते. त्यांनी धीर करून विषय काढला तर दोनशे-तीनशे रुपये वाढतात, नाहीतर आहे तोच आकडा पुढे चालू राहतो. आयटीतील पगारांच्या जोरावर परिसरातील खोल्यांची भाडी चढतात आणि ती भाडी ज्यांना असा पगार नाही त्यांनाही भरावी लागतात. ही दरी एका घराच्या प्रयत्नाने बुजणार नाही, परंतु आपल्या उंबरठ्याच्या आतला हिशेब सरळ करणे प्रत्येकाला शक्य आहे.

सुरुवात करताना शेजारच्या घरातला ‘रेट’ विचारू नये. हा रेट सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून धरून ठेवलेला असतो आणि कामाला किती वेळ लागतो, याचा त्यात विचारच नसतो. त्याऐवजी तास मोजावेत. समजा, भांडी आणि केर-फरशीला रोज दीड तास लागतो आणि महिन्यात २६ दिवस काम होते, तर ते ३९ तास झाले. त्याचे २,५०० रुपये दिले, तर तासाला साधारण ६४ रुपये पडतात. एका घरातून दुसऱ्या घरी चालत जाण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. हा आकडा एकदा कागदावर लिहावा आणि एवढ्या पैशांत आपण स्वतः हे काम केले असते का, याचे उत्तर स्वतःला द्यावे.

त्यानंतर मागची थकबाकी पाहावी. पगार सहा वर्षे तोच राहिला असेल आणि महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर २,५०० रुपयांची जुनी किंमत टिकवायलाच आज साडेतीन हजार रुपये लागतात. एवढे दिले म्हणजे वाढ दिली असे होत नाही, फक्त झालेली घट भरून निघते. ‘मला दहा टक्के मिळाले, म्हणून त्यांनाही दहा टक्के’ हे ऐकायला न्याय्य वाटते, पण लाखावर दहा टक्के म्हणजे दहा हजार आणि अडीच हजारांवर दहा टक्के म्हणजे अडीचशे. समान टक्क्यांनी रुपयांतील अंतर वाढतच जाते. म्हणून आधी तासाचा दर सुधारावा आणि मगच दरवर्षीचा टक्का ठरवावा. वाढीचा महिनाही पक्का करावा, म्हणजे मावशींना ती मागावी लागणार नाही.

सुट्ट्यांच्या बाबतीत सर्वाधिक अन्याय नकळत होतो. आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर पूर्वी खाड्यांच्या फुल्या मारलेल्या असत. एका ऑगस्टमध्ये अशा पाच फुल्या होत्या: तीन मावशींच्या मुलाच्या तापाच्या आणि दोन रस्त्यावर पाणी भरून रिक्षा बंद पडल्याच्या. त्याच दोन दिवशी मी घरून काम केले होते आणि माझा पगार पूर्ण जमा झाला होता. त्या महिन्यापासून फुल्या मारणे आम्ही थांबवले. आठवड्याची एक सुट्टी, त्याखेरीज आजारपणाचे आणि सणावाराचे ठरावीक दिवस पगारी असावेत. आपण मुलाकडे अमेरिकेला महिनाभर गेलो, तर घर आपण बंद ठेवलेले असते, त्यामुळे त्या महिन्याचा पगारही पूर्ण द्यावा. २०२० च्या टाळेबंदीत अनेक सोसायट्यांनी घरकामगारांना फाटकाबाहेर ठेवले. तेव्हा किती घरांनी पूर्ण पगार दिला आणि किती घरांनी नाही, हे या बायकांच्या आजही लक्षात आहे.

ठरलेले सर्व एका वहीच्या पानावर लिहावे: कामे, वेळ, पगार, सुट्ट्या, दिवाळीचा बोनस, उचल दिली तर ती किती हप्त्यांत फेडायची. पाहुणे आले की वाढलेल्या भांड्यांचे वेगळे पैसे द्यायचे, हेही त्यात यावे. मावशींना वाचता येत नसेल, तर त्यांच्या मुलीसमोर वाचून दाखवावे आणि एक प्रत त्यांच्याकडे द्यावी.

आता सरकारी बाजू. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे आणि १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. आपल्याकडे काम करत असल्याचा दाखला मावशींनी मागितला, तर त्याच दिवशी लिहून द्यावा. अनेक घरे उगाच घाबरून तो टाळतात. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारचे ई-श्रम पोर्टल आहे; त्यावरील नोंदणी मोफत आहे आणि मोबाइलवर आपण शेजारी बसून ती करून देऊ शकतो. वय १८ ते ४० असेल, तर श्रमयोगी मानधन योजनेत वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरून साठीनंतर दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. हा हप्ता घराने पगाराव्यतिरिक्त भरावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला फक्त २० रुपये लागतात आणि अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. हे पैसे मे महिन्याच्या अखेरीस बँक खात्यातून आपोआप कापले जातात, त्यामुळे मेचा पगार २५ तारखेपूर्वीच खात्यात जमा करावा.