पेपर तपासता, तसं मनातलं बोलणंही तपासा

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पुस्तकांची यादी नंतर देते. आधी विचारते, टेस्टचे मार्क कळल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही मनात काय म्हणता? बहुतेकांचं उत्तर "टेन्शन येतं" एवढंच असतं. मग जरा खोदावं लागतं आणि खरी वाक्यं बाहेर येतात. "आपल्याला नाही जमायचं हे." "सगळे पुढे गेले, मीच राहिले." "बाबांचे पैसे नुसते पाण्यात चाललेत." ही वाक्यं दिवसातून कितीदा मनात येऊन जातात याचा पत्ताच नसतो, कारण ती इतकी सवयीची झालेली असतात की आपण त्यांना वस्तुस्थिती समजून चालतो.

मी पुण्यात नवी पेठेत राहून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी केली, आता नोकरीत आहे. त्या काळात अभ्यासाइतकीच मेहनत या आतल्या बोलण्यावर घ्यावी लागली. त्यातलं जे कामी आलं ते इथे लिहिते आहे.

ही वाक्यं वाटेल तेव्हा येत नाहीत, त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. आयोगाची उत्तरतालिका लागते, ग्रुपवर जो तो आपला स्कोअर टाकायला लागतो, ती एक वेळ. दुसरी म्हणजे घरचा फोन ठेवल्यानंतरचा अर्धा तास. आई फक्त "जेवलीस का" विचारते, पण आपल्याला त्यात "अजून किती दिवस?" ऐकू येतं. आठवडाभर नुसतं लक्ष ठेवा, तुमच्या वेळा तुम्हाला सापडतील. त्या वेळी मनात आलेलं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवा. "आज मूड नव्हता" असं लिहून काही हाती लागत नाही. "मी ढ आहे" असं आलं असेल तर "मी ढ आहे" असंच लिहायचं. लाज वाटते, पण वही दुसऱ्या कुणाला दाखवायची नसते.

मग ते वाक्य तपासायचं. माझ्या रूममेटचं उदाहरण देते. सामान्य अध्ययनाच्या सराव पेपरात तिने 88 प्रश्न सोडवले. 50 बरोबर, 38 चूक. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकीला पाव भाग म्हणजे अर्धा गुण वजा, म्हणून हातात 81. ती पलंगावर पालथी पडून एकच घोकत होती, "दोन पर्याय उरले की माझं नेहमी चुकतं. मी असे प्रश्न सोडवायलाच नको होते." मी तिला उठवलं आणि आम्ही दोघी पेपर घेऊन बसलो. दोन पर्यायांवर येऊन अडकलेले प्रश्न निघाले 26. त्यातले 14 चुकले होते, 12 बरोबर होते. म्हणजे 24 गुण मिळाले, 7 गेले. ते प्रश्न सोडून दिले असते तर 17 गुण कमी पडले असते! "नेहमी चुकतं" हे वाक्य साफ खोटं निघालं. उरलेल्या 24 चुकांपैकी 9 अर्थव्यवस्थेच्या न वाचलेल्या भागातल्या होत्या आणि 15 निव्वळ तुक्के होते. तिने वहीत लिहिलं, "अर्थव्यवस्थेचे दोन घटक बाकी आहेत, आणि काहीच माहीत नसलेल्या प्रश्नाला हात लावायचा नाही." या वाक्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागता येतं. "मी ढ आहे" या वाक्यावर काय करणार?

तपासताना नेहमी, कधीच, सगळे, मीच हे शब्द दिसले की थांबा. त्याहून अवघड असतो तो "-च पाहिजे". अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच हट्टावर बोट ठेवते. त्यांचं म्हणणं असं, की घटनेमुळे आपण थेट कोसळत नाही; घटना आणि त्रास यांच्यामध्ये आपला दृष्टिकोन उभा असतो. मुंबईच्या कि. मो. फडके यांच्यामुळे ही पद्धत मराठी वाचकांच्या चांगली ओळखीची झाली. "याच वर्षी पोस्ट मिळालीच पाहिजे, नाहीतर मी कुणीच नाही" याऐवजी "याच वर्षी मिळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, नाही मिळाली तर फार वाईट वाटेल, पण त्यावरून माझी किंमत ठरत नाही" असं म्हणून बघा. इच्छा तेवढीच तीव्र राहते, छातीवरचा दाब मात्र उतरतो.

भिंतीवर "मी अधिकारी होणारच" असं चिकटवणाऱ्यांना मी अडवत नाही, पण ज्याचा धीर आधीच सुटलाय त्याने ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 2009 साली कॅनडातल्या जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांनी अशी गोड वाक्यं घोकली तर त्यांना आणखी वाईट वाटतं. मन लगेच उलटा पुरावा काढून दाखवतं. म्हणून वाक्य गोड नको, खरं हवं.

स्वतःशी बोलताना स्वतःला नावाने हाक मारून बघा. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या गटाने 2014 मध्ये दाखवलं, की लोकांसमोर बोलण्याच्या ताणाच्या वेळी "मी" ऐवजी स्वतःचं नाव घेऊन विचार करणारे कमी अस्वस्थ होतात. मुलाखतीच्या आधी मला याचा फार उपयोग झाला. मैत्रिणीला समजावताना जो सूर आपसूक लागतो, तो स्वतःसाठी लावायला नावाची मदत होते.

एक गोष्ट मात्र नीट वेगळी काढा. तपासल्यावर काही वाक्यं खरी निघतात. "घरची परिस्थिती अजून दोन वर्षं पेलणारी नाही" हे खरं असेल, तर त्याला नकारात्मक विचार म्हणून झटकू नका. तिथे निर्णय लागतो: घरच्यांशी मोकळं बोलणं, सोबत नोकरी, दुसऱ्या परीक्षा. असे निर्णय घेणारी मुलं पुढे छान मार्गी लागलेली मी पाहिली आहेत.

आणि झोप, जेवण उडून दोन आठवडे झाले असतील, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर भागवू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवड्यांचीही वाट बघू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनवर मानसिक आधार देणारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. काय बोलावं सुचत नसेल तर वहीतलं एखादं वाक्य वाचून दाखवलं तरी पुरतं.