टीव्हीला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी स्वस्तातला प्रोसेसर कसा निवडावा

१०८०पीचे सिनेमे सुरळीत चालतात, पण ४केची फाइल लावली की चित्र अडखळतं, आवाज पुढे पळतो आणि कूलरचा पंखा घोंगावायला लागतो. अशा वेळी बहुतेकजण इंटेलचा आय३ प्रोसेसर काढून आय५ घालायला निघतात. त्यात बहुधा पैसे वाया जातात. व्हिडिओ उलगडण्याचं काम मुळात प्रोसेसरच्या कोअरचं नाहीच. ते ग्राफिक्समधल्या डिकोडर नावाच्या छोट्या खास भागाचं आहे. त्या भागाला समोरचा फॉरमॅट ओळखता आला नाही तरच बोजा कोअरवर येतो. म्हणून चौथ्या पिढीचा आय७ जिथे घामाघूम होतो, तिथे इंटेलचा ६ वॅटचा छोटा एन१०० प्रोसेसर निवांत असतो.

पायरी १ : नेमकं काय अडतंय ते पाहा

अडखळणारी फाइल मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फॉरमॅट, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत (एव्हीसी म्हणजेच एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ की एव्ही१) आणि बिट डेप्थ (८ की १०) लिहून ठेवा. यूट्यूबवर चालू व्हिडिओवर राइट-क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तिथल्या कोडेकच्या ओळीत फॉरमॅटची छोटी खूण असते: ‘एव्हीसी१’ म्हणजे एच.२६४, ‘व्हीपी०९’ म्हणजे व्हीपी९ आणि ‘एव्ही०१’ म्हणजे एव्ही१.

आता व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग जीपीयू उघडा. ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख सपाट आणि सीपीयू ९० टक्क्यांच्या वर असेल, तर डिकोडर कामच करत नाहीये. पण खर्चाआधी दोन गोष्टी तपासा: ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीचा आहे ना, आणि ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना. विंडोज नव्याने टाकल्यावर ड्रायव्हर राहून जाणं फार नेहमीचं आहे, आणि तो टाकायला पैसे पडत नाहीत. उलट, डिकोडचा आलेख हलतोय, सीपीयूही रिकामा आहे आणि तरी चित्र अडकतंय, तर दोष वायफायचा किंवा डिस्कचा. तिथे प्रोसेसर बदलून काही होणार नाही.

पायरी २ : पिढी ठरवा

इंटेलच्या चौथ्या पिढीचा (२०१३) डिकोडर एच.२६४ नीट हाताळतो, पण एचईव्हीसी त्याच्या आवाक्याबाहेर. सहाव्या पिढीत (२०१५) एचईव्हीसी आलं, पण ८ बिटचं. एचडीआरचे ४के सिनेमे जवळजवळ सगळे १० बिटचे असतात, त्यामुळे ही पिढी ऐन वेळी तोंडघशी पाडते. खरी उडी सातव्या पिढीत, डेस्कटॉपवर जानेवारी २०१७मध्ये: १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही. आठवी, नववी आणि दहावी या बाबतीत तिथेच थांबतात. एव्ही१ हवं तर स्वस्तातल्या डेस्कटॉपसाठी सरळ बारावी पिढी धरा.

एएमडीमध्ये रायझन ३ ३२००जी आणि रायझन ५ ५६००जी हे १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ चालवतात, एव्ही१ नाही. एव्ही१ नसण्याचा फार बाऊ करू नका. यूट्यूबचे ४के व्हिडिओ सहसा व्हीपी९मध्येही मिळतात, आणि ब्राउझरला एव्ही१ मागू न देणारी एक्स्टेंशन आहेत.

पायरी ३ : बोर्ड काय पेलतो?

समजा तुमच्याकडे एच११० मदरबोर्ड आणि सहाव्या पिढीचा आय३-६१०० आहे. त्याच सॉकेटात (एलजीए ११५१) सातव्या पिढीचा आय३-७१०० किंवा पेंटियम जी४५६० बसतो. जुन्या बाजारात दोन्ही मिळतात, आणि व्हिडिओपुरता जी४५६० पुरतो. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करा. नंतर करायला गेलात तर स्क्रीनच उजळणार नाही.

इथला सापळा नावाचा आहे. आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेटही एलजीए ११५१च म्हणवतं, आय३-८१०० या बोर्डात बसतोही, पण चालत नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो.

दुसरी अडचण बोर्डाच्या मागच्या पोर्टची. एच११० बोर्डांवरचं एचडीएमआय बहुधा १.४ असतं, त्यावर ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळतं. २४ फ्रेमच्या सिनेमाला एवढं पुरतं, ६० फ्रेमच्या क्रिकेटला नाही. बोर्डावर डिस्प्लेपोर्ट असेल तर त्यावरून एचडीएमआय २.० देणारा अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडाप्टर लावा.

चौथ्या पिढीचा एच८१ बोर्ड आणि डीडीआर३ रॅम असेल, तर त्यात बसणारा कुठलाच प्रोसेसर हे काम करणार नाही. तिथे जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड घाला: ३० वॅट, वेगळी पॉवर वायर नको, एचडीएमआय २.०, आणि १० बिट एचईव्हीसी व व्हीपी९ दोन्ही. शेजारी त्याहून स्वस्त जीटी ७१० दिसेल. त्याला १० बिट एचईव्हीसीही येत नाही आणि व्हीपी९ही नाही.

पायरी ४ : नावातलं अक्षर वाचा

आय३-१२१०० आणि आय३-१२१००एफ यांत फरक एका अक्षराचा, पण एफमध्ये ग्राफिक्सच नाही. बोर्डाचं एचडीएमआय काळंच राहतं. ‘तोच चिप आहे, स्वस्तात देतो’ असं दुकानदार म्हणेल. गेमिंग कार्ड असणाऱ्यासाठी ते खरंही आहे, तुमच्यासाठी नाही. रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांचंही तेच, तिथे शेवटी जी हवा.

सगळंच नवं घ्यायचं तर आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड. हे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात. जुनी डीडीआर४ रॅम वापरायची असेल तर खोक्यावर बघून घ्या. आधीच एएम४ (रायझनचं सॉकेट) बोर्ड असेल तर ३२००जी पुरेसा आहे. बोर्डाच्या कंपनीच्या सीपीयू यादीत त्याचं नाव आणि लागणारी बायोस आवृत्ती आधी पाहा. फक्त फाइली आणि यूट्यूब बघायचे असतील तर हे काहीच न करता एन१००चा छोटा पीसी घेणं शहाणपणाचं.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि तिसऱ्या पायरीतले सातव्या पिढीचे दोन्ही प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. तिथे लिबरइलेक ही सिनेमे चालवण्यासाठीची, लिनक्सवरची मोफत सिस्टीम टाका. पैसे भरून पाहायच्या ओटीटीसाठी मात्र हा मार्ग नको. लिनक्सच्या ब्राउझरवर त्यांचं ४के मिळत नाही, टीव्हीची स्टिकच बरी.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जुना प्रोसेसर घेताना धातूच्या टोपीवरचा मॉडेल क्रमांक स्वतः वाचा. मॉडेलऐवजी ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं छापलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना आहे, परत द्या. रायझनचा असेल तर उलटा करून पिना तिरक्या उजेडात बघा.

पायरी ५ : बसवताना

जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं व्हिडिओ लावून गरम करा, मग बंद करून वायर काढा. एएम४वर कूलर सरळ वर ओढू नका; सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. डावी-उजवीकडे हलकं पिळून सोडवा. इंटेलमध्ये पिना बोर्डात असतात, तेव्हा सॉकेटात बोट घालायचं नाही. सोनेरी त्रिकोण जुळवा, दाब न देता ठेवा. पेस्ट वाटाण्याएवढी. कूलरच्या खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने दाबा.

रॅम ८ जीबीची एक पट्टी न ठेवता ४च्या दोन ठेवा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, आणि दोन पट्ट्यांनी तिचा वेग जवळपास दुप्पट होतो.

पायरी ६ : तीच फाइल पुन्हा

ड्रायव्हर टाकून पहिल्या पायरीतली तीच फाइल अर्धा तास चालवा. आता डिकोडचा आलेख वर आणि सीपीयू २० टक्क्यांच्या आत दिसायला हवा. चित्र मधूनच काळं होत असेल तर ४के ६० हर्ट्झला केबल पुरत नाहीये: १८ गिगाबिटची प्रीमियम हाय स्पीड केबल लावा, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा ‘एनहान्स्ड’ पर्याय चालू करा. तो बऱ्याच टीव्हींवर मुळात बंद असतो.