एअर रायफलच्या घरगुती सरावाचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून काय करावे

दहा मीटर एअर रायफलचा सराव घरी करू पाहणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘सायलेन्सर कोणता बसवावा’ हाच असतो आणि तो चुकीच्या टोकाला विचारलेला असतो. शेजारी ज्या आवाजाने वैतागतात तो सहसा नळीच्या तोंडाशी होतच नाही. तो दहा मीटर पलीकडे, पेलेट म्हणजे रायफलीची छोटी गोळी जिथे थांबते तिथे होतो. हे ध्यानात न घेता रायफलीवर खर्च करणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत, आणि त्यांना तसे करायला सांगणारे त्याहूनही अधिक.

आधी कायद्याचे. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये अग्निशस्त्राची जी व्याख्या आहे, तिच्यातच गोळीबाराचा आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेली उपसाधने समाविष्ट आहेत. त्यामुळे कोणी सायलेन्सर म्हणून लेथवर नळकांडे कातून देतो म्हणाला, तर त्याच्या दुकानातून बाहेर पडावे. एअर रायफलीपुरते सांगायचे, तर शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटर म्हणजे .177 पर्यंतची नळी आणि 20 ज्यूलपर्यंतची ऊर्जा या मर्यादेतल्या रायफलीला परवाना लागत नाही. रायफल या मर्यादेतली आहे हे लिहिलेले बिल जपून ठेवावे. रोही, रानडुक्कर, हरीण पिकात शिरते म्हणून आवाज न करणारी रायफल हवी, असे विचारणारेही आपल्याकडे भेटतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, आणि पिकाच्या नुकसानीची तक्रार वनविभागाकडे करायची असते. या लेखाचा त्या कामाशी संबंध नाही.

रायफल आणि पेलेट निवडताना

स्वनातीत वेगाचा कडाका हा आवाजाचा एक वेगळाच भाग असतो. पेलेट ध्वनीच्या वेगापुढे गेले की हवेत स्वतःच फटाका वाजवते आणि तो कोणत्याही गादीने किंवा पडद्याने झाकता येत नाही. सुदैवाने परवानामुक्त मर्यादेत शिशाचे नेहमीचे पेलेट वापरले, तर ही वेळ येत नाही. 20 ज्यूलच्या रायफलीतून 0.5 ग्रॅमचे पेलेट सेकंदाला जेमतेम 283 मीटर वेगाने निघते. मात्र वेगाचे मोठमोठे आकडे छापलेल्या डब्यांतली हलकी, मिश्रधातूची पेलेट्स घेतली तर हिशेब बदलतो. 0.33 ग्रॅमचे पेलेट त्याच ऊर्जेवर 348 मीटरपर्यंत पोहोचते. डिसेंबरच्या पहाटे, तापमान दहा अंशांवर असताना, ध्वनीचा वेग 337 मीटरच्या आसपास असतो, तर मे महिन्यातल्या चाळीस अंशांत तो 355 पर्यंत चढतो. म्हणजे जे पेलेट उन्हाळ्यात गप्प असते तेच थंडीत कडाडते, आणि मालकाला वाटते की रायफलच बिघडली. चपट्या तोंडाची, 0.53 ग्रॅमच्या आसपासची, शिशाची मॅच (स्पर्धेची) पेलेट्स घ्यावीत आणि हा विषय संपवावा.

ताकदीबाबत माझे मत ठाम आहे: दहा मीटरला 20 ज्यूलचे काहीही काम नाही. स्पर्धेच्या रायफली सेकंदाला 170 ते 175 मीटर वेग देतात, म्हणजे ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपासच राहते आणि एवढ्यावर ऑलिंपिक पदके मिळतात. अभिनव बिंद्राने 2008 साली बीजिंगला सुवर्ण जिंकले ते याच दहा मीटरच्या प्रकारात. कमी ताकदीच्या रायफलीत नळीच्या तोंडाशी हवा कमी सुटते आणि ट्रॅपवरचा, म्हणजे लक्ष्यामागे पेलेट अडवणाऱ्या खोक्यावरचा, आघातही निम्म्याहून कमी होतो. दुकानदार ‘जास्त पॉवर घ्या, पैसे वसूल होतील’ म्हणतो तेव्हा तो तुमच्या शेजाऱ्यांशी तुमचे भांडण लावून देत असतो. स्प्रिंगची रायफल की पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), हा वाद आवाजापुरता तरी गौण आहे, कारण स्प्रिंगचा खणखणाट गालाला टेकलेल्या दांड्यातून नेमबाजालाच जास्त ऐकू येतो. भिंतीपलीकडच्या माणसापर्यंत त्यातले फारसे काही जात नाही.

जागा

फायरिंग पॉइंटपासून लक्ष्यापर्यंत दहा मीटर आणि दोन्हीकडे वावरायला जागा, म्हणजे साडेबारा-तेरा मीटरची सलग लांबी लागते. सिमेंटच्या स्लॅबच्या नव्या घरात ती एका खोलीत मिळत नाही, म्हणून दोन खोल्यांमधल्या दारातून नेम धरावा लागतो. तसे केल्यास मधल्या पट्ट्यात उघडणारे प्रत्येक दार आतून कडी लावून बंद असले पाहिजे, यात तडजोड नाही. गावाकडे जुने माळवदाचे घर असेल, तर लांब ओसरी किंवा माजघर यासाठी वापरावे. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि वरचे माळवद आवाज जसा गिळतात तसा कोणताही बाजारी फोम गिळत नाही. सर्वांत वाईट जागा म्हणजे पत्र्याचे शेड. लक्ष्याची उंची जमिनीपासून 1.4 मीटर, लक्ष्यावर झगझगीत उजेड, बाकी काही नाही.

आवाज कुठून येतो ते आधी ऐकावे

काहीही विकत घेण्याआधी मोबाइल फायरिंग पॉइंटशेजारी ठेवून एका शॉटचे ध्वनिमुद्रण करावे आणि त्याची लहर पडद्यावर मोठी करून पाहावी. दोन शिखरे दिसतात. पहिले नळीचे, दुसरे ट्रॅपचे. पेलेटला दहा मीटर जायला साधारण सहा शतांश सेकंद लागतात आणि आघाताचा आवाज परत यायला आणखी तीन, म्हणून ही शिखरे स्पष्ट वेगळी असतात आणि सवयीच्या कानाला ‘फट्’नंतरचे ‘ठक्’ नुसतेही ऐकू येते. मोबाइल नेमबाजाजवळ असूनही दुसरे शिखर पहिल्याच्या बरोबरीचे किंवा उंच असेल, तर नळीकडे पाहण्याचे कारण उरत नाही. मग मोबाइल घरातल्या माणसाकडे देऊन त्याला भिंतीपलीकडे, शेजाऱ्याच्या ओट्यावर बसवावे. तिथल्या मुद्रणात बहुधा फक्त ‘ठक्’ उरलेले आढळते.

ट्रॅप

मी सर्वांत जास्त अडलो ते इथे, आणि चुकीच्या सल्ल्यांचा बाजारही इथेच भरतो. तयार मिळणारा शंकूच्या आकाराचा लोखंडी ट्रॅप पेलेट सुरक्षित थांबवतो, पण भिंतीला स्क्रूने आवळला की पूर्ण भिंतच वाजू लागते. लाकडी खोक्याच्या पाठीला थेट बोल्टने पत्रा ठोकला, तर ते खोके हलगीसारखे घुमते. म्हणून पहिले तत्त्व असे की, पेलेट ज्यावर आदळते ती वस्तू कोणत्याही कडक वस्तूला कडकपणे जोडलेली नसावी.

अठरा मिलिमीटर प्लायवूडचे, पंचेचाळीस सेंटिमीटर चौरस आणि तीस सेंटिमीटर खोल खोके सुताराकडून करून घ्यावे. पाठीमागची प्लेट चार मिलिमीटर जाडीची लोखंडी असावी. पोलादाच्या कारखान्यांच्या जालन्याकडच्या वाचकांना एवढा तुकडा कापून मिळायला अडचण नाही. ही प्लेट वरची कड नेमबाजाकडे झुकवून, जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांवर टांगावी, म्हणजे चुकून तिथपर्यंत पोहोचलेले पेलेट खाली वळते. प्लेट आणि प्लायवूड यांच्यामध्ये जुन्या गोधडीची घडी दाबून बसवावी. भरण घालण्यापूर्वी प्लेटवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहावे: ‘टण्’ असा लांबणारा नाद आला तर घडी प्लेटला अजून नीट दाबून बसलेली नाही, ‘थप्’ असा मेलेला आवाज येईपर्यंत पट्ट्या आणि घडी सरकवत राहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण यातच सारे आहे.

भरणाविषयी. गोठ्यात अंथरायची जाड रबर मॅट ट्रॅपच्या तोंडाशी लावा, असा सल्ला हमखास मिळतो आणि तो धोक्याचा आहे. घट्ट बसवलेले जाड रबर, टायरचा तुकडा धरून, कमी वेगाचे पेलेट सरळ मागे फेकते, आणि मागे तुमचा डोळा असतो. वाळूची पिशवी फाटते, गळते आणि शिशाची धूळ उडवते. सुटा कापूस आपल्याकडे मुबलक असला, तरी तो पहिल्या काही दिवसांत खाली बसतो आणि वरच्या बाजूला, नेमका नेम असतो तिथे, पोकळी राहते. मला उपयोगी ठरले ते एकच: जुनी सुती लुगडी, धोतरे, सतरंज्या यांच्या खोक्याच्या मापाच्या घड्या, उभ्या लावून, लाकडी ठोकळ्याने ठोकून इतक्या घट्ट बसवलेल्या की मधे बोट शिरू नये. पॉलिस्टरची साडी निसरडी असते, घडी धरत नाही. तोंडाशी गोणपाटाचा एकच पडदा, सैल. त्याच्यापुढे लक्ष्याचा कागद.

घड्या चिंध्यांसारख्या कोंबू नयेत. उभ्या लावायचे कारण आहे. सर्व शॉट एकाच मुठीएवढ्या जागेत पडत असल्यामुळे भरणात हळूहळू बोगदा तयार होतो, आणि एके दिवशी अचानक ‘ठक्’ परत ऐकू येऊ लागते. तो आवाज म्हणजे पेलेट प्लेटपर्यंत पोहोचल्याची सूचना आहे. त्याच वेळी सराव थांबवून मधल्या घड्या काढाव्यात, उलट्या फिरवून पुन्हा ठोकाव्यात. कोंबलेल्या चिंध्यांत हा बोगदा दिसत नाही, घड्यांत तो हाताला लागतो.

भरलेला ट्रॅप चांगलाच जड होतो. तो भिंतीला न टेकवता लोखंडी स्टँडवर ठेवावा आणि स्टँडच्या पायांखाली, हो, तीच गोठ्याची रबर मॅट घालावी. तिची खरी जागा ती आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे टाळले, तर खालच्या घरातल्या माणसाला छतावर कोणी सुपारी फोडत असल्याचा भास होत राहील, आणि तो बरोबरच असेल.

नळीकडची बाजू

आता जे उरते ते थोडे असते. नळीचे तोंड खिडकी किंवा दाराबाहेर कधीही काढू नये, आणि नळीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून चार बोटे सोडून, जाड रजया टांगाव्यात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणे हा शुद्ध वेळखाऊपणा आहे. ते खोलीतला घुमारा किंचित बदलतात, बाहेर जाणारा आवाज थांबवत नाहीत, आणि ठिणगी पडली तर भुरकन पेटतात. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियम 2000 मधली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल आहे. रात्रीचा सराव शक्यतो टाळावा, म्हणजे मोजमापाचा प्रश्नच येत नाही. डोळ्यांवर चष्मा, स्वतःच्या आणि बघणाऱ्याच्याही.

देखभाल

भरण बदलताना शिशाची भुकटी निघते, म्हणून हे काम अंगणात, तोंडाला फडके बांधून, मुले आणि गरोदर बायका दूर असताना करावे. जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि साबणाने हात धुतल्याखेरीज पाण्याच्या तांब्याला हात लावू नये. पेलेट्स झाकणाच्या डब्यात साठवून, शिसे आहे असे सांगून भंगारवाल्याला द्यावीत. जुन्या घड्या मात्र बंबात किंवा चुलीत घालू नयेत, कारण शिसे धुरातून घरात येते. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, आत शिसे असल्याचे सांगून घंटागाडीत वेगळ्या द्याव्यात.