नव्या चामडी बुटांच्या बाबतीत या चुका टाळा

जून उजाडला की आमच्या रविवारच्या भटकंतीच्या गटात दरवर्षी चार-पाच जोड नवे चामडी बूट दाखल होतात आणि दिवाळीपर्यंत त्यांतले निम्मे मोचीकडे तरी जातात किंवा माळ्यावर तरी. बूट वाईट असतात असे नाही. पावसाची धास्ती घेतलेले लोक त्यांना नको ते फासतात आणि एकदा भिजले की नको तिथे वाळवतात. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की सोलापुरात बूट पाण्याने कमी आणि वाळवण्याने जास्त मरतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पैसे साठवून घेतलेला पहिला चांगला जोड घालून मी सप्टेंबरात नळदुर्गला गेलो होतो. बोरी नदीला पाणी होते, किल्ल्यातल्या पाणी महालाचे नर आणि मादी धबधबे कोसळत होते आणि ते जवळून पाहण्याच्या हौसेपायी बूट आतपर्यंत भिजले. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले, तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने ते गच्चीवरच्या पत्र्यावर उपडे घातले आणि कामावर निघून गेलो. संध्याकाळी पाहतो तर पुढचा भाग वर वळलेला, चामडे कडक भाकरीसारखे खडखडीत झालेले आणि डाव्या बुटाचा सोल चवड्याकडून दोन बोटे सुटलेला. कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर उत्तम लागते, पायात नाही. तरीही पुढच्या रविवारी मी तेच बूट घातले आणि अर्ध्या वाटेत सोल पूर्ण निघाल्यावर तो नाडीने बांधून घरी आलो. नव्या पेठेतल्या ज्या वयस्कर मोचीकाकांकडे ते नेले, त्यांनी बूट हातात फिरवून एवढेच म्हटले, “साहेब, हे भिजून गेले नाहीत, भाजून गेलेत.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चामडे म्हणजे तंतूंची जाळी असते आणि कमावताना त्या तंतूंमध्ये तेलकट अंश मुरवलेला असतो, ज्यामुळे ते एकमेकांवर सरकतात आणि चामडे वाकते. ओल्या चामड्याला जोरदार उष्णता लागली की पाणी घाईने बाहेर पडते, तंतू आकसून एकमेकांना चिकटून बसतात आणि मग कितीही मेण चोळले तरी पूर्वीचा मऊपणा पुरता परत येत नाही. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले चामडे ओले असताना उष्णतेला विशेष नाजूक असते. क्रोम धातूच्या क्षारांनी कमावलेले, म्हणजे बहुतेक बुटांचे, त्या मानाने जास्त सोसते, पण सोलचा डिंक तेवढे सोसत नाही. चूल, गॅसची शेगडी, इस्त्री आणि दुचाकीचे तापलेले इंजिन हे सगळे पत्र्याचेच भाऊबंद होत.

माझी सवय अशी आहे. घरी आल्याबरोबर नाड्या आणि आतला पातळ तळ काढून वेगळे ठेवतो, बुटात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर भरतो आणि दोन तासांनी ते बदलतो. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा बदलतो. मग बूट सावलीत, पंख्याची झुळूक लागेल अशा जागी आडवे ठेवतो, म्हणजे तळालाही हवा लागते. याला दोन दिवस लागतात आणि सप्टेंबरच्या दमट हवेत तिसराही लागतो. सोमवारी सकाळी हेच बूट घालून जायचे असल्यामुळे हे जमत नाही, असे ज्यांचे म्हणणे असते त्यांनी दुसरा जोड घ्यावा किंवा चप्पल घालावी.

दुसरी चूक स्वयंपाकघरातल्या तेलाची. माझ्या पुतण्याने नव्या बुटांना करडईचे तेल चोपडले. मी विचारले तेव्हा उत्तर आले, “काका, तेल तेच की, घरात होतं ते लावलं.” आपल्या भागात करडई पिकते, तिचे तेल घरोघरी असते, त्यामुळे हा विचार सुचणे स्वाभाविक आहे, पण करडईचे तेल हवेत हळूहळू सुकून पापुद्रा धरते आणि याच गुणामुळे ते चित्रकारांच्या तैलरंगांतही वापरतात. आठवड्याभरात बूट चिकट झाले, नान्नजच्या माळरानावरची धूळ त्यांवर थरांनी बसली आणि ती पुसायला गेले की तेलात कालवली जाऊन आणखी आत जाऊ लागली. खोबरेल तेल तसे सुकत नाही, पण ते चामडे काळवंडवते, गरजेपेक्षा मऊ करते आणि घोट्याला मिळणारा आधार ढिला पाडते. शिवाय पाणी अडवण्याचे काम यांपैकी कोणतेही तेल मेणासारखे करत नाही. मेण पृष्ठभागावर आणि टाक्यांत बसते. तेल आत मुरून जाते आणि पाण्याला वाट तशीच मोकळी राहते.

पॉलिशने चकाकी येते, पण तेवढ्यावर पावसात जाऊ नये. स्वेड आणि नूबक, म्हणजे मखमली पोताचे चामडे असेल तर मेणाची डबी उघडूच नये, कारण पोत कायमचा बसून जातो. त्यासाठी फवाऱ्याचे औषध मिळते, ते मोकळ्या हवेत मारावे. आत गोअर-टेक्ससारखा, म्हणजे पाणी अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा पडदा असलेल्या बुटांना तेल-मेणाचे जाड लेप देऊ नयेत, नाहीतर घामाच्या वाफेची वाट बंद होते आणि पाय आतूनच भिजतात. वॉशिंग मशीनविषयी मी काही लिहिणार नाही.

मेण लावण्यापूर्वी एक थेंब पाणी चामड्यावर टाकून पाहावे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर कारखान्यातला थर अजून शाबूत आहे, तेव्हा घाई करू नये. मिनिटभरात तो शोषला जाऊन गडद डाग पडला तर मेणाची वेळ आली आहे. बूट आधी स्वच्छ आणि पूर्ण कोरडे हवेत. आपली काळी माती चिकण असते आणि वाळताना चामड्यातला तेलकट अंशही ओढून घेते, म्हणून ती बुटावर आठवडाभर राहू देऊ नये. निम्मीअर्धी वाळली की ब्रशने झाडावी, उरलेली ओल्या फडक्याने पुसावी आणि चाकूने खरवडू तर अजिबात नये. घामाच्या क्षारांचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन पुसावे.

मेण मी बोटानेच लावतो, कारण बोटाच्या उबेने ते सैल होते आणि किती लागले ते कळते. केस वाळवण्याचे यंत्र वापरण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, तो थंड प्रदेशातल्या लोकांसाठी ठीक असेल. एप्रिलात सोलापूरच्या कपाटात डबी आपोआपच मऊ होते. थर पातळ असावा आणि रात्रभर मुरू द्यावा. सकाळी जुन्या सोलापुरी टॉवेलच्या तुकड्याने घासून जादाचे मेण काढावे. मात्र पाणी बहुतेक वेळा सपाट चामड्यातून शिरत नाही. ते सोलच्या कडेचे टाके, जिभेच्या दोन्ही बाजूंच्या घड्या आणि नाडीच्या कड्यांभोवतालच्या फटी यांतून शिरते. नवखी मंडळी नेमकी तिथेच हात आखडता घेतात, कारण तो भाग छायाचित्रात दिसत नाही. तिथे मी जुना टूथब्रश वापरतो आणि प्रत्येक टाका भरला की नाही हे उजेडात धरून पाहतो. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, एवढे मला पुरते. दर आठवड्याला मेण लावणे ही सुद्धा चूकच आहे.

बूट पायाला बसवण्याची घाई हा तर स्वतंत्र आजार आहे. बूट पाण्यात बुडवून, पायात घालून, तसेच वाळेपर्यंत चालावे असा एक उपाय हौशी मंडळी एकमेकांना सांगतात. त्याने चामडे ताणले जाते, अस्तर कुबट होते आणि टाचेला फोड यायचे ते येतातच. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, ज्या मोज्यांनिशी चालणार तेच मोजे घालून बूट विकत घ्यावेत. पहिले आठ दिवस घरात तासभर घालावेत, मग बाजारापर्यंत आणि मग सिद्धेश्वर तलावाभोवती.

शेवटची गोष्ट साठवणीची. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटांवर पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून सुती पिशवी वापरावी. पॉलियुरेथेन या हलक्या, फेसाळ प्लॅस्टिकचे सोल नुसते ठेवून दिले तरी हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत आतून भुसभुशीत होतात, आणि हे वरून दिसत नाही. बराच काळ पडून असलेला जोड बाहेर काढला की सोलची कड अंगठ्याने जोरात दाबावी आणि बूट दोन-चार वेळा वाकवून पाहावा. भुगा पडला किंवा भेग उघडली, तर वरचे चामडे कितीही देखणे असले तरी तो जोड गडावर नेऊ नये. आधी मोचीला दाखवून नवा सोल बसतो का ते विचारावे.