बायबलचा अ‍ॅटलास वाचताना या चुका टाळा

आमच्या बायबल अभ्यासवर्गात एकदा येशूचा गालीलातला प्रवास शिकवायला मी यहोशवाच्या, म्हणजे मोशेनंतरच्या इस्राएली पुढाऱ्याच्या काळचा नकाशा उघडून बसलो. इस्राएलाच्या बारा वंशांचे बारा रंग, दिसायला देखणा. मागून एका आजींनी विचारलं, "अरे, यात हेरोदाचं राज्य कुठंय?" मी गप्प. दोन्हींच्या मध्ये हजाराहून जास्त वर्षं गेलेली! तेव्हापासून पान उघडलं की आधी त्यावर लिहिलेला काळ वाचतो, गाव नंतर. येशूच्या सेवाकाळात यहूदीया रोमी सुभेदार पिलाताकडे होता, गालील हेरोद अंतिपाकडे आणि गालील सरोवराच्या ईशान्येचा मुलूख त्याचा भाऊ फिलिप्प याच्याकडे. गालीलातल्या कफर्णहूमहून नावेत बसून फिलिप्पाच्या बेथसैदाला उतरलं की राज्यकर्ता बदलायचा. वंशांच्या नकाशावर हे कुठून दिसणार?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'वर' आणि 'खाली' या शब्दांचा. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात माणूस यरुशलेमेहून 'खाली' यरीहोकडे जातो. आपण शाळेपासून नकाशात वर उत्तर, खाली दक्षिण असं शिकलेले, म्हणून बोट यरुशलेमेच्या खाली फिरवतो. यरीहो मात्र ईशान्येला, म्हणजे कागदावर वरच्या अंगाला! खाली आहे तो उतार. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, यरीहो सपाटीच्याही सुमारे 250 मीटर खाली, आणि सरळ रेषेत अंतर जेमतेम 22-23 किलोमीटर. खंडाळ्याचा घाट उतरताना कानांत दडे बसतात ना, हा उतार त्याच्या जवळपास दुप्पट. उलट गालीलातले यात्रेकरू दक्षिणेला निघाले तरी यरुशलेमेस 'वर' जातात. म्हणून उंचीच्या रंगांचं पान शेजारी उघडं ठेवा. नुसता सीमांचा नकाशा इथे कामाचा नाही.

दिशांवरून एक गंमत. हिब्रूत उजव्या हाताला 'यामीन' म्हणतात आणि त्याच शब्दाने दक्षिणही सांगतात, कारण तोंड पूर्वेकडे धरलेलं. आपल्या 'दक्षिण' शब्दाचीही हीच कथा.

गावच सापडत नसेल तर बहुतेक वेळा अडचण स्पेलिंगची असते. इंग्रजी अ‍ॅटलासच्या सूचीत 'सोर' मिळणार नाही, 'टायर' बघा. दिमिष्क म्हणजे दमास्कस, शोमरोन म्हणजे समारिया, मिसर म्हणजे इजिप्त. मी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने अशा जोड्या लिहीत गेलो, आता ते पान भरलंय.

सापडलं तरी ते तेच गाव आहे का, हे तपासा. रोमी सैन्यातला अधिकारी कर्नेल्य राहायचा ते कैसरीया भूमध्य समुद्रकाठी. शिष्य पेत्राने येशूला "तू ख्रिस्त आहेस" म्हटलं ते फिलिप्पाचं कैसरीया हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, 100 किलोमीटरांहून जास्त लांब. अंत्युखियाही दोन, एक सिरियातलं, एक पिसिदियातलं, आणि प्रेषितांची कृत्ये 13 मध्ये एकाच अध्यायात दोन्ही येतात.

दोन अ‍ॅटलास जुळत नाहीत म्हणून एकावर काट मारू नका. अम्माऊस हे गाव शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने यरुशलेमेपासून 60 स्टेडिया (अंतराचं जुनं ग्रीक माप), म्हणजे सुमारे 11 किलोमीटर सांगितलंय, पण काही हस्तलिखितांत 160 आहे. त्यामुळे अम्माऊस म्हणून वेगवेगळी गावं दाखवली जातात. प्रामाणिक अ‍ॅटलास अशा नावापुढे प्रश्नचिन्ह टाकतो. ते इतकं बारीक छापतात की चष्मा लावूनच बघावं लागतं.